चौकट नव्हे, चोकोट

भात कापून नेल्यावर शेतात जो वास मागे उरतो, त्याला नाव काय द्यावे? गोडसर, ओलसर, किंचित आंबूस. धसकटांच्या बुडाशी साचलेल्या दवाचा, उन्हाने नुकत्याच उकलू लागलेल्या चिखलाचा आणि कालव्याकाठी वाळत पडलेल्या झावळ्यांचा असा तो संमिश्र गंध पौषातल्या सकाळी कावेरीच्या या त्रिभुज प्रदेशावर तरंगत असतो. ज्या मातीने वर्षभर अन्न दिले, तिच्यावर चुन्याच्या चार रेघा ओढल्या की तीच मैदान होते! माणसे पोंगलची गोड खिचडी खाऊन तिच्याभोवती कोंडाळे करून उभी राहतात आणि आरडाओरडा सुरू होतो. या वासाने मला अलीकडे फार हायसे वाटते. का, ते सांगते. पण जरा वळणावळणाने सांगेन. सरळ मुद्द्यावर यायची सवय बातम्यांनी लावली आहे आणि आज माझी सुट्टी आहे.

मी पत्रकार आहे. आणि तीही छापील कागदाची नव्हे, बोटाच्या एका फटकाऱ्यासरशी वर सरकून नाहीशा होणाऱ्या पडद्यावरची. राहते तंजावूरला, लिहिते पुण्याच्या एका मराठी संकेतस्थळासाठी. माझ्याकडे खेळ आहे आणि संस्कृतीही आहे. एवढ्या दक्षिणेत दोन माणसे ठेवणे परवडत नाही, म्हणून सकाळी कबड्डी आणि संध्याकाळी भरतनाट्यम अशी माझी विभागणी झालेली आहे. आरंभी मला हे विचित्र वाटे. मग हळूहळू उमगले की दोहोंचा प्राण एकच आहे, तो म्हणजे श्वास. तिल्लाना, म्हणजे कार्यक्रमाच्या शेवटचा द्रुत नाच, संपवणारी नर्तकी आणि प्रतिस्पर्ध्यांच्या घोळक्यात शिरणारा खेळाडू, दोघांचेही सारे वैभव छातीतल्या त्या एका मुठीएवढ्या हवेवर तोललेले असते! अर्थात असले काही लिहिले की वरून मथळा यायचा, ‘हे पाहून तुम्हीही थक्क व्हाल’. मी आजवर इतक्या लोकांना थक्क केले आहे की बिचारे अजून दम खात असतील.

आता माझ्या भाषेविषयी. मराठ्यांच्या राज्यात आमचे पूर्वज इथे आले आणि राज्य गेले तरी ते राहिले. भाषाही राहिली, पण ती तोंडात राहिली, कागदावर नाही. आमच्या घरात हिशेब तमिळमध्ये, अर्ज इंग्रजीत आणि भांडण मराठीत. माझे अप्पा टेलिफोन खात्यात नोकरी करून निवृत्त झाले. त्यांना देवनागरीचे एक अक्षर लावता येत नाही. मी स्वतः ती लिपी पदवी घेतल्यावर, बालवाडीच्या अंकलिपीवरून, ‘क कमळाचा’ म्हणत शिकले. मग पुस्तकांमागून पुस्तके वाचली, आणि माझी लेखी मराठी तयार झाली ती अशी, खळ घालून कडक इस्त्री केलेली. घरची मराठी मात्र धुऊन धुऊन मऊ पडलेल्या वेष्टीसारखी, इथल्या धोतरासारखी. तिच्यात जुने शब्द आहेत, तमिळ शब्द आहेत, आणि वाक्याच्या शेवटी सूर कावेरीच्या पाण्यासारखा उगाचच एक हेलकावा घेतो. पुण्याच्या कचेरीत माझी इस्त्रीचीच मराठी ठाऊक होती. तिथल्यांशी माझे बोलणे होई ते संदेशांतून. फोन आलाच तर मी ‘हो ताई’, ‘पाठवते ताई’ एवढ्यावर भागवी.

आणि मग त्या पौषात शर्वरीताईंचा संदेश आला. शर्वरीताई म्हणजे आमच्या संपादक. बोलणे तोलून मापून, पण मनाने सरळ. वाचणारे कमी झाले, ऐकणारे वाढले, असे त्यांनी कळवले होते. यापुढे प्रत्येक बातमीदाराने घटनास्थळावरून थेट बोलायचे, ज्यांना जमेल त्यांचे करार पुढे चालू राहतील. ज्यांना जमणार नाही त्यांचे काय होईल, ते लिहिलेले नव्हते. लिहायची गरजही नव्हती. माझी परीक्षा पोंगलच्या आठवड्यातच ठरली.

तुम्ही म्हणाल, पत्रकार बाई, बोलायला कसली भीती? पण भीती कशाची होती, ते सांगते. पगार चेन्नईत कुठेही मिळाला असता, इंग्रजीत मिळाला असता. मराठीत लिहायचे दार मात्र या गावातून एकच उघडत होते. ते मिटले असते तर ज्या लिपीसाठी मी एवढ्या मोठेपणी अंकलिपी गिरवली, ती पुन्हा कपाटातल्या पुस्तकांपुरती उरली असती. आणि माझे बोलणे ऐकून पुण्याचे लोक हसणार, याविषयी माझी बालंबाल खात्री होती. ‘इश्श, ही कुठली मराठी!’ हे वाक्य मी स्वप्नात ऐकत होते.

मग मी कुणालाही करावेसे वाटेल तेच केले. कागदावर मजकूर लिहिला, पाठ केला, आणि ‘ळ’ आणि ‘च’ यांना योग्य त्या जागी बसवत, सुराचा हेलकावा दाबून टाकत फोनवर ध्वनिमुद्रित केला. अप्पांना ऐकवला. त्यांनी चष्मा काढून, डोळे मिटून सगळा ऐकला. मग विचारले, “हे कोण बोलते?”

“मीच की, अप्पा.”

“तू? मज वाटलं रेडिओची बाई. अग, घरांत बोलतेस तस्संच बोल. काय करतील, खातील काय?”

मी रागावले. ज्यांना एक वेलांटी ओळखता येत नाही त्यांनी मला मराठी शिकवावी? राग आला तो अर्थात त्यांचे खरे होते म्हणून.

ज्या कबड्डी सामन्यावरून मला थेट बोलायचे होते, तो तिरुवैयारूच्या पुढच्या एका खेड्यात होता. टाऊन बसने निम्मे अंतर, तिथून मैत्रिणीच्या मोपेडवर बांधाबांधाने. सामना बायकांचा, आणि गावाची सारी आशा सेल्वीवर होती. सेल्वी बेकरीत काम करते, उंचीने बेताची, हाताला सदा मैद्याचा वास. आजूबाजूचे म्हातारे अजून या खेळाला ‘सडुगुडु’ म्हणतात. आमच्या पुस्तकी मराठीत हुतूतू, इथे सडुगुडु, आणि देशभर कबड्डी! नावे वेगळी, पण कायदा एक. परक्या अंगणात शिरताना जिभेवरचा शब्द सुटता कामा नये. शब्द तुटला, दम गेला, की माणूस बाद. माणसाच्या भाषेविषयी याहून थोडक्यात कुणी काही सांगितले असेल, असे मला वाटत नाही. पण त्या क्षणी हे शहाणपण मला सुचलेले नव्हते. मी फोन तिकाटण्यावर चढवून, घसा खाकरून, पाठ केलेले “नमस्कार, मी सगुणा बोलते आहे कावेरीच्या काठावरून” सुरू केले होते.

पहिला अर्धा खेळ ठीक गेला. म्हणजे मी ठीक होते. बातमी मात्र पार कोरडी ठणठणीत. चढाई, पकड, गुण, पुन्हा चढाई. माझ्याच आवाजाचा मला कंटाळा येऊ लागला. आणि मग अगदी शेवटी, दोन्ही बाजू सारख्या असताना, सेल्वी चढाईला निघाली. ती आत गेली, एकीला शिवली आणि परत फिरली तोच दुसरीने तिचा घोटा धरला. तिसरी पाठीवर पडली. सेल्वी आडवी झाली, तोंड मातीत गेले, तरी त्या मातीतून ‘कबड्डी कबड्डी’ ऐकू येतच होते! आणि तो हात! हात सरकत होता, बोटे धसकटांवरून खरडत होती, आणि मधल्या बोटाचे टोक चुन्याच्या रेघेला टेकले.

त्या क्षणी माझा पाठ केलेला कागद कुठे गेला, मला ठाऊक नाही. मी ओरडत होते, “चोकोट! चोकोट खेळली गो ती! उदंड दम अहे हिला, उदंड!” मग सामना संपेपर्यंत, आणि संपल्यावरही, मी तशीच बोलत राहिले. घरातली, वेष्टीसारखी मऊ, हेलकाव्यांची मराठी तोंडातून भडाभडा वाहत होती आणि मला ती थांबवता येत नव्हती. मातीने माखलेली सेल्वी धापा टाकत आली आणि तमिळमध्ये तिने विचारले, “अक्का, नल्ला वंदुच्चा?” छान आले का, एवढेच तिला हवे होते. मी हो म्हटले आणि फोन बंद केला. मग आपण कोणत्या मराठीत बोललो, ते लक्षात आले.

‘चोकोट’ हा आमच्या घरचा सर्वांत कष्टाळू शब्द. सांबार जमले, चोकोट. जावई आवडला, चोकोट. ताप उतरला, परीक्षेत पास झाली, गाडी वेळेवर आली, चोकोट. चांगले, नीट, निर्मळ, मनासारखे, हे सगळे त्या एका शब्दात बसते. जन्मल्यापासून मी तो ऐकत आले होते. पण कागदावर, कुठल्याही पुस्तकात, तो माझ्या नजरेस कधी पडला नव्हता. म्हणून बाहेरच्यांना तो कळणार नाही हे मी गृहीतच धरले होते.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसले होते तेव्हा शर्वरीताईंचा संदेश आला. ‘फोन कर.’ बस! पुढे ना नमस्कार, ना चांगले-वाईट. मी केला नाही. बसमध्ये माणसे होती, गोंगाट होता, आणि खरे सांगायचे तर धैर्य नव्हते. बाहेर शेते मागे पळत होती आणि मी मनातल्या मनात निरोपाचा मजकूर लिहीत होते. तोही इस्त्रीच्या मराठीत. घरी पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. अप्पा दारातच उभे. मी ओसरीवर बसले आणि एकदाचा फोन लावला.

“सगुणा, अगं कुठं होतीस? इथं घोळ झालाय,” शर्वरीताई म्हणाल्या.

मी डोळे मिटून घेतले. “ताई, माझं चुकलं. बोलता बोलता घरची भाषा—”

“कसली घरची भाषा? आमच्या यंत्राचं चुकलंय! बोललेलं ऐकून खाली अक्षरं उमटतात ना, त्यात सगळीकडे ‘चौकट’ आलंय. ‘चौकट खेळली गो ती!’ लोक विचारतायत, कबड्डीत चौकट कुठून आली? आणि साताऱ्याचे एक आजोबा तर इतके चिडलेत, म्हणतात, ती मुलगी नीट बोलतेय, तुम्हीच नीट ऐका. जुना शब्द आहे म्हणे, ‘चोखट’. तू तसंच म्हणालीस ना? ख की क? कसा लिहायचा तो? लवकर सांग, दुरुस्त करायला मुलं खोळंबलीयत.”

“आणि ताई, माझा करार?”

“त्याचं काय? रविवारी तू वीणा करणाऱ्यांकडे जातेयस ना? तिथं सामन्याच्या शेवटी बोललीस तशी बोल. सुरुवातीला बोललीस तशी नको, बाई. झोप आली मला. फक्त जरा सावकाश.”

‘हायसे वाटणे’ हा शब्द मी पुस्तकातून शिकले होते. त्याचा अर्थही पाठ होता. पण शब्दाचा अर्थ कळणे वेगळे आणि तो पाठीच्या कण्यातून पाझरत खाली उतरणे वेगळे! माझे खांदे कानांपासून किती वर्षांनी खाली आले, देव जाणे. नोकरी राहिली याचा आनंद तर होताच. पण त्याहून मोठा आनंद हा, की आता मला बोलताना स्वतःवर पहारा ठेवायचा नव्हता. पहारेकऱ्याला रजा मिळाली होती. मी तिथेच, ओसरीवर, हसत सुटले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही आले.

मग प्रश्न उरला तो अक्षरांचा. ख की क? साताऱ्याचे आजोबा बरोबरच असणार. आमचे पूर्वज घेऊन निघाले तो ‘चोखट’च असणार. पण इथल्या उन्हापावसात, तमिळच्या शेजारात, त्याचा ख झिजून क झाला आणि त्या क-ला एक ओकार चिकटला. शब्दाने प्रवास केला असेल तर प्रवासाची धूळ त्याच्या अंगावरून झटकून का टाकावी? मी अप्पांना विचारले, “हा शब्द कसा लिहू?”

“लिवाला काय, कसं तरी लिव. म्हटल्यावर कळलं की नाही?”

मी लिहिले, ‘चोकोट’. च, क, ट, प्रत्येक अक्षर आपापल्या जागी नीट. पलीकडून ‘बदललं’ असे उत्तर आले. अप्पा दारात खोळंबले होते.

“काय म्हणाले?”

“काम राहिलं, अप्पा.”

“चोकोट,” ते म्हणाले, आणि बेगी जेवाला ये म्हणून आत गेले. मी आयुष्यात तो शब्द असंख्य वेळा ऐकला आहे. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच तो ऐकताना मला लिहिलेला दिसला.