अर्कमावशीचा पुदिना नापास होतो

जिन्यात पुदिन्याचा वास आला की तिसऱ्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका घाईघाईने खोकला दाबायचे. खोकला ऐकू गेला, की अर्कमावशी वाटी घेऊन हजर!

मावशी खरी शिंपीण. गल्लीतल्या निम्म्या कॉलरी तिच्या हातच्या. पण नाव पडलं ते अर्कामुळे. शिलाई मशीनशेजारी गॅसवर भलंमोठं पातेलं, त्यात पुदिना रटारटा उकळतोय आणि मावशीचं भाषण चालू: "जंतू? अहो, जंतूंचा बाप मरतो याने! वास बघा कसा गल्लीभर जातोय!"

तिची लेक औषधांच्या प्रयोगशाळेत कामाला. एकदा शेजारीणबाईंनी काडी टाकलीच. "अगंबाई, मग घरातच परीक्षक आहे की! होऊन जाऊ दे!"

मावशीने तिथल्या तिथे बाटली लेकीच्या हातात कोंबली. "तपास. आणि निकाल सगळ्यांसमोर सांग."

"आई, नको ना गं."

"का? घाबरलीस?"

"तुझ्यासाठी."

निकालाच्या संध्याकाळी मावशीकडे बसायला जागा नव्हती. लेकीने चपलासुद्धा काढल्या नाहीत. "काचेच्या थाळीत जंतू वाढवले आणि मधोमध तुझा अर्क ठेवला. औषध लागू पडलं तर भोवती मोकळं कडं दिसतं."

"मग?"

"कडं नाही. अर्काला अगदी खेटून वाढलेत."

"पाहुणचार झाला म्हणा जंतूंचा!" ड्रायव्हरकाका म्हणाले. शेजारीणबाईंनी तोंडाला पदर लावला.

मावशीचे कान लाल झाले. "आईसाठी तरी बारीकसं कडं दाखवायचंस!"

"दिसलंच नाही, तर दाखवू कुठून?"

मावशी लेकीकडे बघत राहिली. तिने स्वतः जन्मात कधी वाकडी शिवण इस्त्रीखाली दडपली नव्हती. सख्ख्या जावेचा कोट शिवताना बिघडला, तेव्हा ती नको नको म्हणत असताना मावशीने तो उसवला होता. जाऊ महिनाभर फुगून बसली, तरी मावशी हलली नव्हती. आता तोच हट्ट चपला घालून समोर उभा.

मावशीची मान ताठ झाली. "ऐकलंत ना? पोटच्या पोरीने नापास केलं मला! आहे कुणाच्या घरात अशी?"

कुणाच्याच घरात नव्हती.

"पण एवढा वास यायचा, तो काय फुकट?" मावशीने विचारलं.

"उघड्यावर उकळतेस ना, पुदिन्याचं तेल वाफेबरोबर उडून जातं. वास गल्लीत गेला म्हणजे जे काय औषध होतं तेही गल्लीतच गेलं."

"तरीच ड्रायव्हर वाटी न पिता बरे व्हायचे!" मावशी म्हणाली.

आता पातेल्यावर घट्ट झाकण असतं. वाटी अजून मिळते, पण भाषण बदललंय. "घशाला बरं वाटेल. जंतूंचं मी सांगणार नाही. ताप असेल तर डॉक्टरकडे पळा."

झाकणवाला अर्क पास झाला का, असं कुणी विचारलं तर मावशी खांदे उडवते.

"दिलाय तपासायला. पण तिथे वशिला चालत नाही हो. माझी मुलगी आहे ना तिथे!"