जावयाच्या बोटीतल्या मखमली गाद्या

चहा आधी संपवा बरं का, नाहीतर ऐकताना ठसका लागेल. मूर्खपणा माणूस घरी करतो, दुकानात करतो, फार तर कुणाच्या लग्नात करतो. मी तो भर समुद्रात करून आलोय!

आम्ही धुळ्याचे. पाणी म्हणजे नळाला येईल तेवढंच. आणि मुलगी दिली कुठे? अलिबागला! जावई समीर, गुणी मुलगा, पण एक नाद. शिडाच्या बोटीचा. मित्राकडून जुनी बोट घेतली आणि एके दिवशी फोनवर म्हणाला, "नाना, बोटीपेक्षा तिच्या गाद्याच महाग पडणार बहुतेक."

"गाद्या? बोटीत झोपता की काय?"

"आत छोटी खोली असते ना, तिथं बसायला-झोपायला. जुन्या पार कुजल्यात. इथला कारागीर नव्या करायचे एवढे मागतोय..."

आकडा ऐकून मी खुर्चीत सरळच झालो. अहो, तेवढ्यात आमच्याकडे नव्या संसाराचं अख्खं फर्निचर येतं, वर कपाटाला आरसा फुकट!

"जावईबापू, लुटतोय तो तुम्हाला! तुमचा सासरा खान्देशात बसलाय, कापसाच्या राशीवर. मापं पाठवा."

"पण नाना, बोटीत पाणी..."

"पाणी आम्ही येताना बाटलीत आणू. तुम्ही मापं पाठवा!"

बघा, तिथंच त्या पोराला वाक्य पुरं करू दिलं असतं तर? पण सासरा झाल्यावर कोण कुणाचं ऐकतो?

मापं आली. त्यात एक गादी चक्क त्रिकोणी! मी चित्र घेऊन गादीवाल्या रज्जाकभाईकडे गेलो. आम्ही दोघं एकाच शाळेतले, त्यामुळे अक्कलही सारखीच.

"नाना, तीनकोनी गादीवर कोन झोपी? जावईना पाय कोठे जातीन?"

"चित्र काढताना चुकलं असेल पोरगं. तू चौकोनीच कर!"

धरणगावहून कापूस आणला, एक नंबर! रज्जाकभाईनं ठासून भरला. मी साधं कापड बघत होतो, तर बायको म्हणाली, "जावयाकडे साधं? व्याही काय म्हणतील?" झालं! लाल मखमल आली. मखमलीला सोनेरी झालर आली. टेम्पोत भरताना गल्लीतल्या बायका विचारत होत्या, "नाना, कुणाचं लग्न?"

अलिबागला गेलो आणि बोट पाहिली. तिचं पुढचं टोक निमुळतं. असणारच हो, बोट ती, काय गोठा आहे समोरून चौकोनी असायला? आमची चौकोनी गादी तिथं वळकटीसारखी दुमडून बसली. समीर ते बघून म्हणाला, "छान मऊ आहेत, नाना." वर मला बोटीतून फिरायलाही नेलं. बायको आणि लेक किनाऱ्यावरून हात हलवत राहिल्या.

समुद्रात थोडं आत गेलो आणि लाटांचे फवारे उघड्या दारातून खोलीत यायला लागले. मी सहज गादीवर हात टेकला. मनगटापर्यंत पाणी! कापूस पाणी पितो, हे खान्देशातल्या माणसाला कुणी सांगायला हवं का? पण नेमकं तेच मी विसरलो होतो.

तेवढ्यात वारा भरला आणि बोट एका अंगावर कलली. माझ्याच बाजूला! मी म्हटलं, संपलं. गाद्या जड झाल्या, बोट चालली खाली. माझ्या हातानं माझ्या लेकीचा संसार बुडतोय! काही सुचेना. उचलली पहिली गादी, ओढली बाहेर, दिली समुद्रात.

"नाना, काय करताय?"

"ओझं कमी करतोय! तुम्ही बोट सांभाळा!"

दुसरी गेली.

"अहो नाना, शीड भरलं की ती अशीच कलते! रोज कलते!"

मला कुठलं ऐकू येतंय! पुढची गादी म्हणजे भिजलेलं रेडकू. ती काठावर चढवली, ती गेली, आणि तिच्या मागोमाग मीही! कमरेपर्यंत बाहेर. अंगात बुडू न देणारं ते फुगीर जाकीट होतं, पण त्या क्षणी ते कुणाला आठवतं? इतक्यात मागून कुणीतरी माझा पट्टा धरला. समीर! सुकाणू सोडून त्यानं झेप घेतली होती. दोघंही धाडकन आत पडलो. त्याचं कोपर सोलून रक्त आलं होतं, आणि तो विचारतो काय?

"नाना, तुम्हाला लागलं नाही ना?"

गाद्यांबद्दल अक्षर नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फवाऱ्याचं आहे, असं म्हणून मी पुसलं.

परतलो तर एका कोळीदादानं दोन गाद्या ओढत किनाऱ्याला आणलेल्या. "ही मखमल कुणाची हो?"

मी आकाशाकडे बघायला लागलो. समीर शांतपणे म्हणाला, "आमचीच, दादा. धुवायला टाकली होती."

त्या घटकेला वाटलं, मुलीसाठी स्थळं बघताना आपण पगार विचारला, घर विचारलं. पण माणूस असा निघेल, हे कुठे विचारता आलं होतं? देवानं न मागता दिला.

त्याच 'लुटणाऱ्या' कारागिराला मी नव्या गाद्या सांगितल्या, माझ्या खर्चानं. बिनबोभाट, त्रिकोणीसकट!

परवाच समीरचा फोन आला. "नाना, शीड फाटलंय. नवीन घ्यावं लागणार."

मी घसा खाकरला. "जावईबापू, त्याचं असं आहे, मी काय म्हणतो..."

"नाना," तो घाईघाईनं म्हणाला, "तुमचे आशीर्वाद असू द्या. नुसते आशीर्वाद!"