विषाणूची टरफलं घडवणारे
मीरा रोडला आमच्या समोर राहणारे ते गृहस्थ प्रयोगशाळेत लशींसाठी विषाणूची कवचं घडवायचे, कवचाची प्रथिनं बदलून, हवी तशी. "आत विषाणू नसतोच हो, नुसतं टरफल," असं जिन्यात थांबून ज्याला-त्याला हळू आवाजात समजावायचे. स्वाइन फ्लूच्या साथीत माझ्या आईला धाप लागली, तेव्हा शेजारी दारं लावून बसले. यांनीच तिला पाठीवर घेऊन चार मजले उतरवलं. आई वाचली नाही. मग रोग यांच्यामुळेच आला म्हणत सोसायटीचे सेक्रेटरी यांच्या घरमालकाला द्यायचा अर्ज घेऊन आले. "ह्यांना घालवायचंय. तुमचीच सही राहिलीय." मी सही केली. महिनाअखेर टेम्पोत सामान चढवताना ते मला म्हणाले, "आईंचं वर्षश्राद्ध कळवा हं. मी येईन."