पिवळं दार

चंदीगडला बदली झाली तेव्हा क्वार्टरचं करडं दार बघून माझा जीवच उबगला. ते पिवळं करायची परवानगी मी ई-मेलने मागितली. मुलीने कॉम्प्युटरवर दार पिवळं करून दाखवलं, तो फोटोही जोडला. मग चौकशीला सेक्टर १७च्या कार्यालयात गेलो.

खिडकीतले बाबू ब्राउझर सजवण्यात गढले होते. टॅबची पट्टी आधी जांभळी झाली, मग मोरपंखी. मान तिरकी करून ते ती न्याहाळत होते.

"कौन सा जँचता है जी?" त्यांनी मलाच विचारलं.

"मोरपंखी," मी घाईघाईने म्हणालो. उगाच अर्ज अडकायला नको!

"दरवाजा तो नहीं होगा," ते हळहळले. "सब के एक जैसे चाहिए. मैं भी क्वार्टर में ही रहता हूँ जी, बीस साल से यही रंग देख रहा हूँ."

आठवड्याने नकाराचं पत्र आणायला गेलो. बाबूंनी नवा टॅब उघडला आणि स्क्रीनभर, पार्श्वभूमीला, मी पाठवलेलं पिवळं दार झळकलं!

"नामंजूर है," पत्रावर शिक्का मारत ते म्हणाले, "पर लगता बहुत सुंदर है जी."

आमचं दार अजून करडंच आहे. त्यांचं मात्र पिवळं झालं, स्क्रीनवर का होईना.