गुणवंतरावांच्या पोटातली वस्ती

कोरपन्यातले आमचे शेजारी गुणवंतराव दुपारी पडवीत पोटावर हात ठेवून पडले, की समजावं, स्वारी आत फिरायला गेली. डोळे अर्धे मिटलेले, अंगणात कापसाचे पुंजके तरंगताहेत, आणि हे आपल्या पोटातल्या जिवाणूंची विचारपूस करत हिंडताहेत.

आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा त्यांचा आजार जुना. चंद्रपूरच्या रस्त्यावरचा एकही संडास त्यांना परका नाही. आता नागपूरच्या एका संशोधनात त्यांचं नाव लागलंय. नेमके कोणते जिवाणू ही सूज भडकवतात ते हुडकायचं, म्हणजे उद्याचं औषध फक्त त्यांच्याच मागे लावता येईल. त्यासाठी गुणवंतरावांची विष्ठा हवी. अशी वस्तू कोणी इतक्या आदरानं मागितली, म्हणून माणूस हरखलेला.

संशोधक दीपिकाताईंची अट एकच. नमुना देईपर्यंत जंतू मारणारी गोळी घ्यायची नाही, तिनं चांगलेवाईट सगळेच मरतात. आणि समारंभ आला, की तेवढा वेळ पोट धरून राहावं म्हणून गुणवंतराव दुकानातून तीच गोळी आणून गिळायचे. यंदा नमुन्याच्या आदल्याच संध्याकाळी लेकीचं, चंचलचं लग्न.

"घेऊन टाका ना जी एक," सुगंधाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "अंतरपाट पडंन तवा तुमी संडासात असान."

"नाई घेत. त्यायले शोधाले इतके लोक बसले, मी कसा मारू?"

"पोरीपेक्षा जंतू लाडके झाले काय?"

 लेकीच्या गळ्यात हार पडताना पाहायचं, एवढंच तर गुणवंतरावांना हवं होतं.

गोरज मुहूर्त. तांबूस धुळीत मांडव जमिनीपासून वीतभर वर उचलल्यासारखा. मंगलाष्टकं रंगात आली आणि गुणवंतराव पांढरेफटक पडून मागल्या दारानं गेले. पंडितजी शेवटचं म्हणणार, तोच सुगंधाबाईंनी माईक घेतला. मंगलाष्टक कोणीही म्हणावं, कितीही म्हणावं, ही आपली रीतच आहे. बाईंनी मामा, आत्या, बैलजोडी, जावयाची मोटारसायकल, सगळं चालीत बसवलं. ऊन विझत गेलं, हार धरून नवरदेवाचे हात लोंबले, आणि त्यांचा आवाज झोपाळ्यासारखा येत-जात राहिला.

"बाई, मुहूर्त चालला," पंडितजी कुजबुजले.

"जाऊ द्या जी. पोरीचा बाप येऊन राह्यला."

गुणवंतराव ओल्या हातांनी आले, समोर उभे राहिले. मग कुठे बाईंनी 'सावधान' म्हटलं. अंतरपाट पडला, हार पडला.

सकाळी दीपिकाताईंनी विचारलं, "गोळी घेतली नाही ना?"

"नाई."

नमुन्याचा डबा बर्फात बसला, गाडी निघाली, तसे गुणवंतरावांचे डोळे वाहू लागले. आदल्या रात्री चंचलच्या पाठवणीत मात्र गडी कोरडाठाक होता. सुगंधाबाई हे गावभर सांगतात, आणि मी तुम्हाला.