सवाष्णीचं पान

सई, निनाद — हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या आईला नाही. देवापुढे हात जोडताना मनातल्या मनातसुद्धा नाही.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. जन्मभर शाळेत तेच शिकवलं, मलाही जड गेलं नसतं. पण इंग्रजीत लिहायला बसले की माझं सगळं जरा सभ्य दिसायला लागतं. म्हणून मराठीत. सई, तू सावकाश वाच आणि निनादला सांग. आईला केव्हा सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

मागे सईने आपलं मूळ शोधायला थुंकी तपासायला पाठवली होती, आठवतं? निकाल आला आणि व्हिडिओ कॉलवर सगळे हसलात — मावळातल्या मराठ्यांच्या पोरीत आयरिश रक्त कुठून आलं? मीही हसले. म्हटलं, प्रयोगशाळेत नळ्यांची अदलाबदल झाली असेल. तुम्ही विसरलात. सई विसरली नाही. तिने आयर्लंडच्या जुन्या विवाहनोंदींची पानं उघडली. आता ती घरबसल्या बघता येतात म्हणे. प्रत्येक नोंदीत नवरा-नवरीबरोबर दोघांच्या बापांची नावं आणि धंदे लिहिलेले. मुलीचा बाप हिंदुस्थानात रेल्वेत किंवा पलटणीत होता अशा नोंदी ती वेचून काढायची आणि रविवारी मला वाचून दाखवायची. एका रविवारी तिने वाचलं — वधूचे वडील टॉमस क्विन, इंजिन ड्रायव्हर, हिंदुस्थान. "आजी, यातलं काही ओळखीचं वाटतं?"

मी चष्मा काढून पुसला. नाही म्हणाले.

तुम्हाला हवी होती ती तीच नोंद, सई.

आता आक्कांबद्दल सांगायला हवं. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई, तुमच्या पणजी. लोणावळ्याला, वलवणच्या घरातल्या त्या एकुलत्या एका फोटोत त्या खाली बघताहेत, त्यामुळे डोळे दिसत नाहीत. डोळे घारे होते. नुसते घारे नव्हे — धरणाचं पाणी उन्हाळ्यात तळाला जातं तेव्हा कडेला जसं दिसतं तसे. वर्णही असा की शेतात राबूनसुद्धा रापला नाही, फक्त लाल झाला. त्यांची आई साळू, वडिवळ्याच्या धोंडीची मुलगी. ती लोणावळ्याला रेल्वेच्या बंगल्यात कामाला होती. बंगला क्विनसाहेबाचा. तो घाटात इंजिन चालवायचा. आक्का त्या दोघांची.

साळू तापाने गेली तेव्हा आक्का अगदी लहान होत्या. पुढे साहेबाची बदली झाली आणि तो कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. आक्कांना मामाने वडिवळ्याला वाढवलं आणि बिजवराला दिलं, कारण प्रथमवर मुलगा कोण देणार? गावाचं म्हणणं एकच — साळूला साहेबाने ठेवली होती. आक्कांचं म्हणणं एकच — माझ्या आईचं लग्न झालं होतं, रीतसर, पुण्याला जाऊन. पुरावा काही नाही. मामीने म्हणे एकदा तसं सांगितलं होतं. आणि हीच मामी भांडणात उलटंही सांगायची.

पण आक्का एक गोष्ट करायच्या. पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला — नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचा तो दिवस — आईच्या नावाने सवाष्ण जेवू घालायच्या. वाडीतल्या बायका हसायच्या. एक तर लेकीने आईचं करायचं नसतं, आणि दुसरं — सवाष्ण कसली? माझी आई लग्नाची, आणि बापाच्या मरणाची खबर कुणी आणलेली नाही, म्हणून ती अजून सवाष्णच, असं त्यांचं सरळ गणित. बोलावल्यावर कुणी यायचं नाही. पान वाढायचं आणि ते गाईला घालायचं, असं कित्येक वर्षं चाललं होतं. मग मी या घरात सून म्हणून आले, तळेगावची, बीए झालेली. त्या पहिल्या नवमीला आक्कांनी मलाच पाटावर बसवलं. आंबेमोहोराचा भात, खीर, वडे. हिरव्या बांगड्या भरल्या, ओटी भरली, आणि माझ्या पाया पडल्या. सासू सुनेच्या पाया पडली! मी पाय मागे घेतले तर हसून म्हणाल्या, "तुज्या न्हवं गं मास्तरणी, आयच्या पडते. तू गप जेव."

दर वर्षी मी जेवले. शाळेतून अर्धी रजा काढून यायचे. मला ते आवडायचंही, खोटं कशाला सांगू? वर्षातून एकदा त्या घरात माझे लाड व्हायचे.

मी आडवळणाने जाते आहे. कळतंय मला.

तुमच्या आईचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. पुण्याचं स्थळ, तुमच्या बाबांचं. मुलामुलीची पसंती झाली होती, सुपारी फोडायला ते लोक येणार होते. त्यांनी देवक विचारलं होतं, कुळी विचारली होती, आजोळ-पणजोळ विचारलं होतं. आक्कांचं माहेर विचारल्यावर मी वडिवळ्याच्या मामाचं आडनाव सांगितलं आणि विषय बदलला. त्याच आठवड्यात एका दुपारी आमच्या दाराशी रिक्षा थांबली आणि एक वयस्कर गोरा गृहस्थ उतरला. उन्हाने लाल झालेला. रिक्षावाल्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं, बाई, हे साहेबाच्या नातलगांना शोधतायत, म्हटलं आक्कांकडंच न्यावं.

घरात आम्ही दोघीच होतो; आक्का पडवीत तांदूळ निवडत होत्या. त्याने त्यांच्याकडे बघितलं आणि तो बोलायचाच थांबला. मग मी त्याच्याकडे बघितलं. तेच डोळे. काय वाटलं असेल मला? नवल? कणव? नाही. मला वाटलं, रिक्षा लवकर जायला हवी, शेजारच्यांना दिसेल.

त्याला बसायला दिलं, चहा केला. त्याचं सांगणं साधं होतं. त्याची आजी आयर्लंडमधली. तिच्या लग्नाच्या नोंदीत बापाचं नाव टॉमस क्विन, इंजिन ड्रायव्हर, हिंदुस्थान. आजीला तान्ही असताना नातेवाइकांकडे सोडून तो इकडे आला होता, बायको वारल्यावर. पुढे त्याचं काय झालं ते तिला मरेपर्यंत कळलं नाही. नातवाने निवृत्त झाल्यावर शोध सुरू केला. इथल्या नोंदींच्या नकला इंग्रज लंडनला पाठवत, तिथे त्याला एक पान सापडलं. त्याने ते पिशवीतून काढून माझ्या हातात दिलं.

मी वाचलं. पुण्याच्या विवाह निबंधकापुढे झालेलं लग्न. टॉमस क्विन, विधुर. साळू, धोंडीची मुलगी, राहणार वडिवळे, कुमारिका. त्याची सही. तिच्या नावापुढे फुली.

दोनदा वाचलं. आक्का निवडायच्या थांबल्या होत्या.

त्याने विचारलं, या बाई साळूची मुलगी आहेत का? मी म्हटलं, नाही. डोळ्यांमुळे लोक काहीही बोलतात, यांचं माहेर वेगळं आहे. शांतपणे, चांगल्या इंग्रजीत म्हटलं. त्याने पुन्हा आक्कांकडे बघितलं — त्याला पटलं नव्हतं. पण परक्या घरात, परक्या भाषेत तो काय करणार? त्याला बोलता येत होतं ते माझ्याच तोंडून, आणि आक्कांनाही माझ्याच तोंडून.

आक्कांना कागद वाचता येत नव्हता. पण त्यांनी 'क्विन' ऐकलं होतं, 'साळू' ऐकलं होतं. सूप बाजूला ठेवून त्या उठल्या, पदर सारखा केला आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "त्याला ईचार, माज्या आयचं लगीन झालतं का? येवढंच ईचार. बाकी मला काय बी नको."

कागद माझ्या हातात होता.

मी त्याच्याकडे वळले आणि इंग्रजीत विचारलं, अजून चहा घेणार का? त्याने मान हलवली, "नो, थँक यू." आक्कांना 'नो' कळत होतं — लोणावळ्यात कुणाला कळत नाही? मी त्यांना म्हटलं, "नाही म्हणतात, आक्का."

हे मी केलं. सुचलं कसं, ते मला आजही ठाऊक नाही. ठरवलेलं नव्हतं म्हणू? पण कपाकडे बघून मी प्रश्न निवडला, ज्याचं उत्तर तो 'नाही' असंच देणार हे दिसत होतं. कप भरलेलाच होता. म्हणजे ठरवलंच ना?

आक्कांनी बाजूचं सूप उचललं. मग म्हणाल्या, "बरं." आणि आत जाताना म्हणाल्या, "चा दे त्याला अजून. लांबून आलाय त्यो."

तो जाताना कागदाची एक प्रत ठेवून गेला, मागे पत्ता लिहून. म्हणाला, यांना काही आठवलं तर. मी — जिने घराच्या विजेची बिलं वर्षवार फाइलला लावून ठेवली आहेत, तुमच्या आईच्या पहिलीच्या प्रगतिपुस्तकापासून सगळं जपलं आहे — मी तो कागद दुसऱ्या दिवशी सकाळी बंबात घातला. त्याच पाण्याने आक्कांनी अंघोळ केली.

सुपारी फुटली. लग्न चांगलं झालं. आक्का लग्नात सगळ्यांशी हसून बोलत होत्या.

मग पितृपंधरवडा आला. नवमीला मी नेहमीसारखी अर्धी रजा काढून घरी आले. साडी बदलली. खरं सांगते, भूक लागली होती मला. चुलीवर काही नव्हतं. आक्का परसात शेवग्याच्या शेंगा काढत होत्या. मी विचारलं, आक्का, आज नवमी ना? त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"सवाष्ण न्हवतीच ती. उगा लोकास्नी हसाया कशापायी?"

त्या क्षणी सांगता आलं असतं की नाही? लग्न तर होऊन गेलं होतं, लेक सासरी गेली होती. कशाची भीती उरली होती? मी त्यांच्या हातातून शेंगांची पाटी घेतली, आत नेली आणि आमटी केली. आम्ही दोघी जेवलो. पाट भिंतीला टेकून उभा होता.

त्यानंतर आक्का बरीच वर्षं जगल्या. आईचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. पूर्वी वाडीतल्या कुणाशी भांडण झालं की तावातावाने म्हणायच्या, माजी आय लग्नाची हुती. तेही बंद झालं. एकदा पाणवठ्यावर कुणी टोमणा मारला, मी ऐकला. मी वाट बघत राहिले की आक्का आता फणकारतील. त्यांनी कळशी उचलली आणि चालू लागल्या. शेवटच्या आजारपणात रात्रंदिवस त्यांच्या उशाशी मीच होते. लोक म्हणत, सून असावी तर अशी. ते ऐकूनही मी बोलले नाही.

आणखी एक. तुमची पुण्याची आजी जाण्याच्या आधी मी तिला भेटायला गेले होते. इकडचं तिकडचं बोलता बोलता ती म्हणाली, तुमच्या सासूबाईंचं आम्हाला आधीपासून ठाऊक होतं हो, चौकशी केली होती. आम्ही म्हटलं, मुलगी चांगली आहे, बाकी जुनं कोण उकरतं.

तुम्ही म्हणाल, आजी, तेव्हाचा काळ तसा होता. नव्हता, बाळांनो. माणसं इतकी वाईट नव्हती, हे आत्ताच सांगितलं ना? आणि असती, तरीही — त्या बाईने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि ती माझ्या हातात होती. आक्कांच्या आईचं लग्न मोडून मी माझ्या लेकीचं लग्न जपलं असं कुणी म्हणेल, तर तेही खरं नाही. मी माझी अब्रू जपली. पुण्याच्या लोकांपुढे मी त्या घरातली शिकलेली, स्वच्छ, सुरळीत बाई होते. तेवढंच.

आणि सई, त्या रविवारी तुला नाही म्हणाले, ते कुणासाठी? आता तर कुणीच उरलेलं नाही.

तू आयर्लंडच्या नोंदींत शोधते आहेस, पण तुझी पणजी ज्यांच्या पोटी आली त्यांचं लग्न तिथे झालं नाही, पुण्याला झालं. नक्कल लंडनला आहे. तू वाचलेली ती वधू म्हणजे आक्कांची सावत्र बहीण. तिच्या नातवाचा पत्ता माझ्यापाशी नाही, तो कसा गेला ते वर लिहिलंच आहे. नावही विसरले. त्याने मला दोनदा सांगितलं होतं.

तुमचे आजोबा गेल्यापासून मी कुणाची सवाष्ण म्हणून जेवू शकत नाही. नवमी याच आठवड्यात होऊन गेली. दुपारी कुकर लावला, वरणभात खाल्ला, ताट धुऊन पालथं घातलं. आक्कांचा पाट अजून स्वयंपाकघरात आहे. मी त्यावर पाय ठेवून वरच्या फळीवरचे डबे काढते.