सानिकाची यादी आणि सुमेधाचं दुकान
सुमेधा मूळची नागपूरची. आयर्लंडमधल्या ॲथलोनला एमएस्सी करायला आली, शिकली, इथेच नोकरीला लागली, लग्न झालं, नवरा रणजित इकडे आला. सगळं कसं आखल्यासारखं. मग ऑफिसात कपात झाली आणि पहिल्याच यादीत बाईंचं नाव. एखादीने मुकाट्याने दुसरी नोकरी शोधली असती. हिने दुकान टाकलं! आणि तेही कसलं? बाळाच्या कपड्यांचं, स्वतः शिवलेल्या. जिथे सुपरमार्केटात दुधाबरोबर सात झबल्यांचा गठ्ठा मिळतो तिथे ही बसली कुंच्या शिवायला. पण एक सांगतो, शिवायची मात्र झकास. कुंचीला आतून फ्लॅनेल, दुपट्याची किनार अशी मऊ की बाळाच्या गालाला रेघ उठू नये.

लोक यायचे, नाही असं नाही. आयरिश आज्या आत येऊन हात फिरवायच्या, "गॉर्जस" म्हणायच्या आणि बाहेर जायच्या. दोन वर्षं हेच चाललं होतं. शेजारच्या फुलांच्या दुकानातली नोरीन रोज संध्याकाळी डोकावून विचारायची, आज कसं? सुमेधा म्हणायची, ग्रँड. ग्रँड कसलं डोंबल! दुकानाचा करार सप्टेंबरअखेर संपत होता. मालकाने सांगून ठेवलं होतं, पुढचं वर्ष घेणार की नाही ते तीस तारखेपर्यंत कळवा, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

अशात सानिकाचा फोन आला. सानिका म्हणजे राजधानीजवळच्या सिटीवेस्टची, आयटीतली, सुमेधाची कॉलेजातली ज्युनियर. तिला सातवा लागला होता आणि बाळासाठी भेटींची यादी करायची होती, म्हणजे पाहुण्यांनी एकाच वस्तूचे पाच नग आणू नयेत. तिचा नवरा संकेत म्हणत होता, मोठ्या साइटवर टाकून दे, दुसऱ्या दिवशी दारात सामान. सानिका अडून बसली. तिने एक छोटी आयरिश साइट शोधून काढली होती. तिथे गावोगावच्या लहान दुकानांमधल्या वस्तू यादीत घालता यायच्या. पाहुण्यांनी वस्तू आपल्या नावावर राखून ठेवायची, पैसे भरले की ऑर्डर दुकानाकडे.

"सुमेधाताई, तू त्या साइटवर तुझं दुकान टाक. माझी अर्धी यादी तुझ्याकडूनच," सानिका म्हणाली. "आणि ही चालली ना, की माझ्या मागे आणखी चौघी आहेत इथे. सगळ्यांच्या याद्या तुझ्याकडे."

सुमेधा त्या दिवशी दुकान बंद करून नदीकाठी उगीच दोन चकरा मारून आली. इतका आनंद झाला होता बिचारीला.

ऑगस्टमध्ये सिटीवेस्टच्या हॉलमध्ये डोहाळजेवण झालं. सुमेधाकडच्या एकतीस वस्तू यादीत होत्या आणि दोन दिवसांत एकतीसच्या एकतीस राखीव! एकेका नावापुढे हिरवी खूण. तिने स्क्रीन रणजितला दाखवली, नोरीनला दाखवली, आईला व्हॉट्सॲपवर पाठवली. मग कापड कापायला घेतलं. पंधरा दिवसांत एकतीस वस्तू शिवून, घड्या घालून फळीवर.

ऑर्डर मात्र एकही येईना.

पहिला आठवडा तिने साइटला दोष दिला. दुसऱ्या आठवड्यात फोन केला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, सगळं नीट आहे, काही लोक थांबतात, इट विल बी ग्रँड. आणि फोन ठेवता ठेवता सुमेधाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काही लोक थांबतात! अगं बाई, ही सगळी आपली माणसं. आपल्यात बाळ यायच्या आधी कुणी बाळाचं काही विकत घेतं का? वस्तू राखून ठेवली म्हणजे जागा धरली. पैसे भरायचे ते बाळ हातात आल्यावर, बारशाला. आणि सानिकाची तारीख तर ऑक्टोबरच्या मध्यावरची.

"एवढं साधं माझ्या लक्षात कसं आलं नाही रे?" ती रणजितला म्हणाली.

नोरीनला सांगितलं तर ती हसली. आमच्याकडेही बाबागाडी आधी घरात आणत नाहीत, म्हणाली. पण पैसे भरून दुकानातच ठेवतात, बाळ आलं की घेऊन जातात. रणजितने तेच उचलून धरलं. "डोहाळजेवणाच्या ग्रुपवर एक मेसेज टाक. आत्ता पैसे भरा, सामान मी दुकानात सांभाळते. संपला विषय."

खरंच संपला असता. सोपं होतं. मेसेज सुमेधाने लिहिला आणि पुसला. परत लिहिला, परत पुसला. तीन वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या बाळासाठी शिवायला घेतलं होतं. पाचव्या महिन्यातच. सहाव्यात सगळं संपलं. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं, ते तिला पटलंही होतं. पण आई फोनवर रडता रडता म्हणून गेली होती, "कशाला गं आधीच शिवायला बसलीस?" ते वाक्य काही गेलं नाही. आता स्वतःच्या दुकानासाठी दुसरीच्या बाळाचं सामान आधी घ्या, असं तिने कुठल्या तोंडाने म्हणायचं? आणि उद्या काही कमीजास्त झालं तर?

शेवटी पंचवीस तारखेला तिने सानिकाला फोन लावला. उचलला सानिकाच्या आईने. स्नेहलताकाकू बाळंतपणासाठी साताऱ्याहून आल्या होत्या.

"सानिका झोपलीय गं. तू ती दुकानवाली ना? बरं झालं फोन केलास. मी सगळ्यांना बजावून ठेवलंय, बाळ घरी येईपर्यंत एक टाचणीसुद्धा घ्यायची नाही. हिचं आधीचं एक गेलंय, तुला ठाऊक असेल. जीव मुठीत धरून बसलेय बघ मी."

सुमेधाला ते ठाऊक नव्हतं.

"बरोबर आहे काकू," ती म्हणाली. "काही घाई नाही."

पुढच्या भाड्याचे पैसे हातात नव्हते. तीस तारखेला तिने मालकाला नाही म्हणून कळवलं. शिवणयंत्र आणि खोकी रणजितने गाडीत घातली. नोरीनने फुलं दिली. सुमेधा घरी येऊन रडली, चांगली तासभर. रणजित शेजारी बसून राहिला, "मेसेज टाकायला हवा होतास" असं त्याने एकदाही म्हटलं नाही. ते तरी बरं केलं त्याने. पुढच्याच आठवड्यात तिने ॲथलोनच्याच एका औषध कंपनीत ऑफिसच्या नोकरीसाठी अर्ज पाठवला.

मुलगी झाली, सुखरूप. बारशाच्या दोन दिवस आधी सुमेधाचा फोन जो टिणटिणायला लागला तो संध्याकाळपर्यंत. एकतीसच्या एकतीस ऑर्डरी. दुकान साइटवरून काढलं होतं, पण सानिकाची यादी तेवढी तिने राहू दिली होती. तिने जेवणाच्या टेबलावर सगळं बांधलं आणि स्वतःच सिटीवेस्टला घेऊन गेली.

पाळण्याभोवती बायकांनी एकेक वस्तू हातात घेतली. काय सुंदर गं, कसली मऊ! गुंजन नावाच्या एकीला पाचवा लागला होता. ती फोन काढून सुमेधाजवळ आली. "माझी यादी तर मी आजच करते. दुकानाचं नाव सांग ना. साइटवर सापडत नाहीये."

"बंद केलं," सुमेधा म्हणाली.

"अय्या! का गं? इतकं छान चाललेलं!" गुंजनला खरंच वाईट वाटलं. यादीतल्या सात वस्तू तिच्याच नावावर होत्या, दोन महिने.

तेवढ्यात स्नेहलताकाकूंनी बाळ सुमेधाच्या मांडीवर दिलं. "बघ," त्या म्हणाल्या, "घाई केली नाही, म्हणून कसं सगळं नीट पार पडलं."

"हो काकू," सुमेधा म्हणाली, आणि तिला ते अगदी मनापासून वाटत होतं. रागवायचं तरी कुणावर?